दुभाषी बोलावणे हे कार्यालयाचे काम, घरच्यांचे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्णबधिर माणसाला पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत किंवा सरकारी दवाखान्यात काम पडले की टेबलापलीकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘बरोबर बोलणारे कोणी आहे का?’’ नसले तर ‘‘उद्या घरच्या कोणाला तरी घेऊन या.’’ सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. दुभाषी आणायचा कुठून, त्याला पैसे कशातून द्यायचे आणि तो आल्यावर नेमके काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. परिपत्रकांत ‘दुभाषी उपलब्ध करून द्यावा’ एवढे एक वाक्य असते. पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. त्या पुढच्या भागाबद्दल हे पत्र आहे. आम्ही भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी आणि कर्णबधिरांच्या शाळांतले शिक्षक आहोत. पत्र लांबले आहे, पण तपशील वगळला तर या विषयात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्याचे कलम १२ न्यायालयांपुरते थांबत नाही. न्यायिक, अर्धन्यायिक आणि तपासाचे अधिकार असलेल्या प्रत्येक यंत्रणेला ते लागू आहे आणि दिव्यांग व्यक्तीचे म्हणणे तिच्या पसंतीच्या भाषेत व संवादसाधनांनी नोंदवून घेण्याची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. म्हणजे फेरफाराच्या हरकतीवर सुनावणी घेणारा महसूल अधिकारीही यात आला. लैंगिक अत्याचार, विनयभंग, अ‍ॅसिडहल्ला अशा गुन्ह्यांत पीडित व्यक्ती दिव्यांग असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत फिर्याद घ्यायची असते आणि तिचे चित्रीकरण करायचे असते. न्यायालयातल्या साक्षीसाठी भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १२५ तेच सांगते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातही कलम २६ आणि ३८ मध्ये तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली सारा सनी या कर्णबधिर वकिलांसाठी दुभाषी उभा राहिला, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. तालुक्याच्या न्यायालयात मात्र आजही ती बातमीच ठरेल.

आता ‘घरचे कोणीतरी’ का चालत नाही ते पाहू. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवायला चार भावंडे आली आहेत आणि त्यातला एक कर्णबधिर आहे असे समजा. निबंधक कबुली विचारतात : दस्त वाचला का, समजला का, सही तुमचीच का? थोरला भाऊ धाकट्याकडे वळून दोन-तीन खुणा करतो. धाकटा मान हलवतो, सही करतो, कॅमेऱ्यात बघतो. त्या दोन-तीन खुणांत ‘तुझा हिस्सा आता राहणार नाही’ हे आले का, हे त्या खोलीतल्या कोणालाच माहीत नसते, आणि ज्याला माहीत आहे त्याचाच त्यात फायदा असतो. सुनेच्या तक्रारीत दीर दुभाषी, पत्नीच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत नवरा दुभाषी, वसतिगृहात घडलेल्या प्रकारात त्याच शाळेचा शिक्षक दुभाषी, हे याचेच प्रकार आहेत. शेवटचा प्रकार सर्वांत घातक. पोलिसांना वाटते, शाळेतून बोलावले म्हणजे जाणकार माणूस आला. पण त्या माणसाची नोकरी ज्या संस्थेत आहे, तिच्याच कर्मचाऱ्याविरुद्ध मूल बोलते आहे. तिथे दुसऱ्या गावच्या शाळेतला शिक्षक किंवा बाहेरचा दुभाषीच हवा. आणि कर्णबधिर आईवडिलांच्या दहा-बारा वर्षांच्या ऐकू येणाऱ्या मुलाकडून आईच्या कर्करोगाचे निदान वदवून घेणे तर कोणी करूच नये. असले प्रकार रोज होतात.

दुभाषी शोधण्याआधी एक काम आहे आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. समोरची व्यक्ती संवाद कसा करते हे आधी पाहायचे. प्रमाणपत्रावर ‘श्रवणदोष’ लिहिले आहे म्हणून सांकेतिक भाषेचा दुभाषी, असा हिशेब बसत नाही. पन्नाशीनंतर ऐकू येईनासे झालेल्या आजोबांना सांकेतिक भाषेतला ओ की ठो कळत नाही. त्यांना मोठ्या अक्षरात लिहिलेले मराठी आणि शांत खोली पुरते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या कमी ऐकू येणाऱ्या बाईंना पंखा बंद केलेली खोली, समोर बसून एका वेळी एकानेच बोलणे आणि तोंडावरचा मास्क काढणे, एवढ्याने निम्मे काम होते. शाळा शिकलेल्या, बधिर मंडळात वावरणाऱ्या तरुणाला भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. आणि चौथा गट म्हणजे कधी शाळेतच न गेलेला, वाडीवर वाढलेला माणूस. त्याच्या खुणा त्याच्या घरापुरत्या असतात. त्याच्यापुढे दिल्लीहून पदविका घेऊन आलेला दुभाषीसुद्धा एकटा काही करू शकत नाही.

लिहून विचारले की झाले, असाही एक समज आहे. पुष्कळ कर्णबधिरांसाठी मराठी ही डोळ्यांनी शिकलेली दुसरी भाषा असते आणि तिचे विभक्तिप्रत्यय हाच सर्वांत निसरडा भाग. ‘सुरेशने रमेशला मारले’ आणि ‘सुरेशला रमेशने मारले’ ही दोन वाक्ये कागदावर पुढे ठेवली, तर अनेकांना दोन्हींत सुरेश, रमेश आणि मारणे एवढेच दिसते. सांकेतिक भाषेत कोणी कोणाला मारले हे हाताच्या दिशेने दाखवले जाते. तिथे गोंधळ होत नाही. लेखी जबाबावर सही घेऊन ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’ असे खाली लिहिणाऱ्या हवालदाराने ही दोन वाक्ये एकदा समोर ठेवून पाहावीत.

दुभाष्याची पात्रता कशी तपासायची? दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. तिथे दुभाषींसाठी दोन वर्षांची पदविका आहे. आपल्याकडे मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे आणि सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षणाचे काम तिथेही चालते. पदविका झालेल्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत होते; तो नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत मागून घ्यावी. विशेष शिक्षकाचीही त्याच नोंदवहीत नोंद असते, पण तेवढ्यावरून त्याला सांकेतिक भाषा अस्खलित येते असे समजू नये. आपल्या बऱ्याच शाळांची परंपरा ओष्ठवाचनाची आणि बोलायला शिकवण्याची. तिथल्या शिक्षकाला वर्गातल्या शंभर-दीडशे खुणा येतात आणि तो त्यावर वेळ मारून नेतो. वर्गात ते चालून जाते. उलटतपासणीत चालत नाही. साधी परीक्षा अशी : कर्णबधिर व्यक्तीने एखादी पाच मिनिटांची साधी हकीकत सांगावी, दुभाष्याने ती मराठीत सांगावी, मग दुभाष्याने तिला काही विचारावे. उत्तर प्रश्नाला धरून येते आहे का, हे खुणा न कळणाऱ्यालाही समजते. दोघांचे जुळत नसेल तर चांगला दुभाषी स्वतःच सांगतो की मी नको, दुसरा बोलवा. असे सांगणाऱ्याचा राग धरू नये.

न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा प्रदेश हे असते. देशभर व्याकरण पुष्कळसे सारखे असले, तरी नाती, वार, रंग यांच्या खुणा गावागणिक आणि शाळेगणिक वेगळ्या होतात. म्हणून नागपूरच्या साक्षीदारासाठी मुंबईहून दुभाषी आणला, तर सुरुवातीचा अर्धा तास दोघांना नुसत्या गप्पा मारायला द्यावा लागतो. त्या वेळात प्रकरणावर बोलायचे नाही आणि अधिकाऱ्याने खोलीतच बसायचे. शाळेत न गेलेल्या माणसासाठी आणखी एक दुवा लागतो, तो म्हणजे बधिर दुभाषी, म्हणजे स्वतः कर्णबधिर असलेला दुभाषी. अधिकारी मराठीत विचारतो, ऐकणारा दुभाषी ते सांकेतिक भाषेत मांडतो, बधिर दुभाषी त्याचे अभिनय, चित्रे, वस्तू आणि त्या माणसाच्या घरगुती खुणांत रूपांतर करतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. तो आधीच धरून ठेवला नाही, तर तिसऱ्या प्रश्नालाच सगळ्यांची चुळबूळ सुरू होते.

बोलावताना नुसते ‘उद्या अकराला या’ असे कळवू नका. दुभाष्याला हे लागते : काम कशाचे आहे, किती वाजता सुरू होईल आणि अंदाजे कधी संपेल, व्यक्तीचे वय, गाव आणि शाळा, ती मराठी किती वाचते, दृष्टी अधू आहे का, स्त्री दुभाषी हवी का, आधीची कागदपत्रे किंवा भाषणाची प्रत, तिथे गेल्यावर कोणाला भेटायचे आणि पैसे कोण देणार. ठरलेल्या कार्यक्रमासाठी निदान आठवडाभर आधी कळवावे. काम तासाभराच्या पुढे जाणार असेल तर दोन दुभाषी लागतातच. ते वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात आणि दुसरा त्या वेळात पहिल्याच्या चुका, सुटलेले आकडे, नावे यांवर नजर ठेवतो. ही चैन नव्हे. अर्ध्या तासानंतर हात चालू राहतात, पण डोके मागे पडते आणि नेमके नकार, तारखा, रकमा गळू लागतात. एकाच दुभाष्याला दिवसभर उभे करून ‘खर्च वाचवला’ म्हणणाऱ्यांनी दुपारनंतरचे चित्रीकरण एकदा तपासून घ्यावे.

जबाबाच्या वेळी काय बिघडते ते नीट सांगतो, कारण इथली चूक पुढे दुरुस्त होत नाही.

पहिले म्हणजे मान हलवणे. समोरचा बोलत असताना कर्णबधिर माणूस मान हलवतो, त्याचा अर्थ बहुधा ‘बघतोय, पुढे बोल’ एवढाच असतो. अधिकारी त्याला ‘कबूल’ समजतो. म्हणून हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी विचारावेत. ‘समजले का?’ ऐवजी ‘काय समजले ते सांग’ म्हणावे. नकारार्थी प्रश्न तर टाळावेच. ‘तू त्याला पाहिले नाहीस ना?’ याला ‘हो’ म्हटले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे दुभाषीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी.

दुसरे, व्यक्तींची नावे. कर्णबधिर माणसे एकमेकांना खुणेच्या नावाने ओळखतात : गालावरचा तीळ, कुरळे केस, मनगटावरचे गोंदण. साक्षीदार ‘तीळवाला’ म्हणतो आणि जबाबात थेट आरोपीचे नाव उमटते. मधली पायरी गायब. बचाव पक्षाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो आणि त्याचे बरोबरच असते. जबाबात आधी खूण जशी केली तशी शब्दांत लिहावी, उदाहरणार्थ ‘उजव्या तर्जनीने डाव्या गालावर टेकवून’, मग ती व्यक्ती कोण हे कसे निश्चित केले तेही लिहावे. दुभाष्याने स्वतःहून कोणाकडे बोट दाखवू नये.

तिसरे, वेळ आणि तारीख. ‘१७ तारखेला संध्याकाळी साडेसात’ असे न शिकलेल्या माणसाकडून येणार नाही. भिंतीवरचे कॅलेंडर, पोळा, दिवाळी, गावची जत्रा, बाजाराचा वार, बाहेर अंधार पडला होता की नव्हता, अशा खुंट्या लागतात. त्या वापरल्या असतील तर तसे नमूद करावे.

लैंगिक गुन्ह्यांत आणखी एक पेच आहे. मराठीत ‘त्याने तुझ्याशी काय केले?’ हा प्रश्न मोघम ठेवता येतो. खुणेत क्रियेचे नाव घेतले की क्रियाच डोळ्यांपुढे उभी राहते, आणि उत्तर प्रश्नातूनच सुचवल्यासारखे होते. म्हणून दुभाष्याने ‘तो आला, नंतर?’ असे विचारून थांबायचे, आणि मुलीने जी खूण केली तीच पुढे वापरायची. बाहुली किंवा शरीराचे रेखाचित्र जवळ ठेवावे, पण ते तिच्या हातात, दाखवायचे तिने. हे माहीत नसलेला दुभाषी भाषेत कितीही पक्का असला तरी अशा प्रकरणात नको.

आणि चित्रीकरण. बहुतेक ठिकाणी कॅमेरा दुभाष्याच्या तोंडावर असतो, कारण आवाज त्याचा येतो. साक्षीदार पाठमोरा किंवा चौकटीच्या बाहेर. असे चित्रीकरण केले काय आणि न केले काय सारखेच. मूळ जबाब साक्षीदाराच्या हातांत आणि चेहऱ्यावर आहे. टाइप केलेला मराठी कागद हे त्याचे भाषांतर. शंका आली तर दुसऱ्या दुभाष्याला मूळ दिसले पाहिजे. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, चौकट डोक्याच्या वीतभर वरपासून कमरेपर्यंत धरावी, कोपर बाजूला पसरले तरी हात चौकटीत राहावेत. शक्य तर दोन कॅमेरे, एक साक्षीदारावर, एक दुभाष्यावर, दोन्हींत घड्याळ दिसेल असे. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो. साक्षीदाराचे हात मोकळे हवेत. संशयित कर्णबधिर असेल आणि त्याला बेड्या घातल्या असतील, तर चौकशीपुरत्या त्या काढाव्या लागतात. मागे हात बांधलेला कर्णबधिर माणूस तोंडात बोळा कोंबल्यासारखाच आहे. न्यायालयात शपथ अधिनियम १९६९ नुसार दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते, हे कामकाजाच्या गडबडीत राहून जाते आणि अपिलात आठवते.

दवाखान्यात वेगळ्या अडचणी आहेत. सलाइन लावताना कोणत्या हाताने खुणा करतो हे विचारून दुसऱ्या हाताला लावावे. दोन्ही हात पट्टीने बांधून ठेवले की रुग्णाचे बोलणेच बंद. शस्त्रक्रियेआधी श्रवणयंत्र काढावे लागते, तर शेवटच्या सूचना ते काढण्यापूर्वी द्याव्यात. भूल उतरताना दुभाषी समोर हवा, भूल देताना नुसता असून भागत नाही. एमआरआयच्या यंत्रात ‘श्वास रोखा, सोडा’ ही सूचना कानावर पडणारच नाही. आत पाठवण्याआधी ठरवून घ्यावे, पायाला एकदा दाबले की रोखायचा, दोनदा दाबले की सोडायचा, आणि एकदा सरावही करून घ्यावा. पायाशी उभ्या राहणाऱ्याच्या अंगावरचा धातू अर्थातच आधी काढून ठेवावा लागतो. नसबंदी, गर्भाशय काढणे, अवयव काढणे अशा संमतीपत्रांवर अंगठा घेण्यापूर्वी रुग्णाने स्वतःच्या खुणांत परत सांगितले पाहिजे : काय काढणार, नंतर मूल होईल का, शस्त्रक्रिया नको म्हटले तर काय. औषधांचेही तसेच. ‘उपाशीपोटी सकाळी एक’ हे कळले का, असे विचारून उपयोग नाही. गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून कोणती कधी घेणार ते दाखवायला सांगावे. बोलताना डॉक्टरांनी रुग्णाकडे पाहावे. ‘त्याला सांगा की...’ अशी सुरुवात केली की रुग्ण मध्येच गायब होतो आणि डॉक्टर दुभाष्याशीच गप्पा मारू लागतात.

रात्री दोन वाजता अपघात झाला तर दुभाषी कुठला, हा रास्त प्रश्न आहे. तेवढ्यासाठी व्हिडिओ कॉल चांगला. पण फोन कोणीतरी हातात धरून उभा राहिला की पाच मिनिटांत हात खाली येतो आणि पडद्यावर छत दिसते. फोनचा स्टँड कॅज्युअल्टीत असावा, त्याची किंमत सलाइनच्या दोन-चार बाटल्यांएवढी. मोबाइलपेक्षा टॅब बरा. इंटरनेटचा अपलोड वेग कमी असेल तर चित्र अडकते आणि बोटे पुसट होतात. आवाज नीट येतो म्हणून कॉल ठीक आहे, असे समजू नये. जखमी आडवा असेल तर पडदा त्याच्या डोळ्यांसमोर वरून धरणारा आडवा दांडा लागतो. लहान मूल, भेदरलेला, फार वृद्ध, दृष्टीही अधू असलेला, किंवा शाळेत न गेलेला, यांच्यासाठी व्हिडिओवर विसंबू नये. पहिल्या अर्ध्या तासापुरता तो वापरावा आणि दरम्यान माणूस बोलावून घ्यावा. मराठी बोलणे टाइप करून दाखवणारी मोबाइल अ‍ॅपही आता आहेत. वाचता येणाऱ्यांना ती रांगेत, खिडकीवर उपयोगी पडतात. पण नावे, औषधे आणि आकडे यांत ती गडबड करतात, म्हणून संमतीपत्र आणि जबाब यांपासून ती लांबच ठेवलेली बरी.

जाहीर कार्यक्रमांविषयी थोडक्यात. दुभाषी वक्त्याच्या शेजारी, उजेडात, एकरंगी पार्श्वभूमीपुढे. मागच्या कोपऱ्यात नव्हे. पडद्यावर चित्रफीत दाखवायला दिवे घालवताना त्याच्यावरचा एक दिवा राहू द्यावा. कर्णबधिरांना पहिल्या दोन रांगा, आणि छायाचित्रकारांना मधे उभे राहायला सक्त मनाई. भाषणात अभंग, शेर, शाब्दिक कोट्या असतील तर आदल्या दिवशी पाठवाव्यात. व्यासपीठावर दुभाषी उभा केला आणि सभागृहात एकही कर्णबधिर नाही, असेही कार्यक्रम होतात. तो फोटोसाठीचा दुभाषी, त्याच्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही.

राहता राहिला पैसा. कार्यालये दुभाष्याला पंचनाम्याच्या पंचासारखे वागवतात : रस्त्यावरून बोलावला, सही घेतली, चहा पाजला. न्यायालयात तारीख पडते, दुभाषी दोनशे किलोमीटरवरून येऊन परत जातो आणि काम न झाल्याने भत्ता नाही. पुढच्या वेळी तो येत नाही, आणि मग प्रकरण ‘दुभाषी उपलब्ध नाही’ म्हणून पुढे ढकलले जाते. दर ठरवताना अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस, प्रवास व मुक्काम, थांबण्याचा वेळ, पूर्वतयारी आणि आयत्या वेळी रद्द झाल्यास किती, हे सगळे आधीच लिहून ठेवावे. हजेरीवर पैसे, कामकाजावर नव्हे. तो दर जिल्ह्यात एकच असावा, नाहीतर प्रत्येक कार्यालय तीन कोटेशने मागत बसते आणि कोटेशन देणारे तिघे त्या जिल्ह्यात असतातच असे नाही.

निधी नाही असे म्हणता येणार नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ती बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईने वाटली जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात श्रवणदोष असलेल्यांची संख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती. त्या ५ टक्क्यांतला काही भाग दुभाष्यांच्या मानधनासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकिलांचे जसे पॅनेल ठेवले आहे, तसे दुभाष्यांचेही ठेवावे, त्यात निदान दोन स्त्रिया आणि एक बधिर दुभाषी असावा, आणि तीच यादी पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक आणि दुय्यम निबंधकांनी वापरावी. यादीत नाव घालण्याआधी स्थानिक कर्णबधिरांना विचारावे. कोणाचे कळते आणि कोणाचे कळत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

दुभाषी थोडे आहेत हे खरे. म्हणूनच ते सर्वत्र सदैव हवेत असे न म्हणता तारखा एकत्र कराव्यात. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. लोकअदालतींच्या तारखा आधी जाहीर होतात. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राचे वार ठरलेले असतात आणि श्रवण चाचणीला त्या दिवशी रांग लागते. लोकशाही दिनाला सकाळी ११ ते १ दुभाषी कलेक्टर कचेरीत बसणार, असे महिनाभर आधी तहसील, बधिर संघटना आणि शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सांकेतिक भाषेतल्या एका मिनिटाच्या व्हिडिओने कळवले, तर जिल्ह्याभरातले लोक त्या दिवशी आपापली कामे घेऊन येतील. नुसता मराठी कागद गटावर टाकला, तर ज्यांच्यासाठी तो आहे त्यांतले बरेच जण तो वाचणार नाहीत. पहिल्या महिन्यात दोघेच आले म्हणून सोय बंद करू नये. निदान सहा महिने ती त्याच दिवशी, त्याच टेबलावर चालू ठेवावी.

आपले,
सांकेतिक भाषेचे काही दुभाषी व विशेष शिक्षक